आरएसआयची औषधं: आधी बीपी बघा, मग व्हायल फोडा

पोट भरलेल्या पेशंटला घाईने श्वासनलिकेत नळी टाकायची असते, तेव्हा झोपेचं आणि स्नायू शिथिल करणारं औषध पाठोपाठ देतात. यालाच आरएसआय (रॅपिड सिक्वेन्स इंडक्शन) म्हणतात. पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ नये म्हणून ही घाई. झोपेसाठी केटामाइन की एटोमिडेट यावर वाद पुष्कळ रंगतात, पण डोस चुकला तर दोन्हींपैकी कुठलंच औषध सांभाळून घेत नाही.

औषध भरण्याआधी नाडीला वरच्या बीपीने भागा. नाडी १२० आणि बीपी १०० असेल तर उत्तर १.२ येतं. ते ०.९ च्या वर गेलं की नळीनंतर बीपी कोसळण्याची तयारी ठेवा. आधी सलाइन, गरज पडली तर बीपी चढवणारं नॉरअ‍ॅड्रेनलिन, आणि हाताशी पातळ केलेलं अ‍ॅड्रेनलिन. दहा हजारात एक ताकदीचं १ मिली घेऊन ९ मिली सलाइनमध्ये मिसळलं की प्रत्येक मिलीत १० मायक्रोग्रॅम येतं. एका वेळी अर्धा ते दोन मिली द्या. सिरिंजवर लेबल लावल्याशिवाय ती ट्रेमध्ये ठेवू नका.

झोपेच्या औषधात केटामाइन १ ते २ मिलिग्रॅम प्रतिकिलो हा सोयीचा पर्याय. दमेकऱ्याला तर उत्तमच, श्वासनलिका सैलावतात. पण शॉकमधला, म्हणजे रक्ताभिसरण कोसळलेला पेशंट स्वतःच्या अ‍ॅड्रेनलिनवर कसाबसा तग धरून असतो. तो साठा संपला असेल तर केटामाइननेही बीपी पडतो. अशा वेळी ०.५ ते १ वर थांबा. एटोमिडेट ०.३ मिलिग्रॅम प्रतिकिलो बीपीला फारसा धक्का लावत नाही, मात्र एका डोसनेही अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं काम काही तास मंदावतं आणि हातपाय झटकले जातात. प्रोपोफॉल १.५ ते २.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो हे बीपी चांगला असलेल्यांसाठी, फिट्स चालू असतील तर विशेष उपयोगी. थायोपेंटोन या झोपेच्या औषधामागोमाग रोक्युरोनियम हे शिथिलक (स्नायू शिथिल करणारं औषध) सोडलंत तर लाइनमध्येच पांढरा साका धरतो. मध्ये सलाइनने लाइन धुऊन घ्या.

शॉकमध्ये झोपेचा डोस कमी करतात तसा शिथिलकाचाही करायचा मोह होतो. तो टाळा. रक्ताभिसरण मंद असल्यामुळे औषध स्नायूपर्यंत उशिरा पोचतं, म्हणून शिथिलकाचा डोस पूर्ण, उलट थोडा जास्तच लागतो.

शिथिलकांपैकी सक्सिनिलकोलीन १.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो, प्रत्यक्ष वजनावर. मिनिटभरात काम करतं. रक्तातलं पोटॅशियम लिटरमागे साधारण अर्ध्या मिलिमोलने वाढतं, म्हणून आधीच वाढलेलं असेल तर हात लावू नका. मोठी भाजलेली जखम, चिरडलेला अवयव किंवा मज्जारज्जूची इजा असेल तर पहिल्या दिवशी चालतं. नंतर स्नायूंवरचे रिसेप्टर (औषध जिथे चिकटतं त्या जागा) पसरतात आणि पोटॅशियम उसळून हृदय थांबू शकतं. स्नायूंचा आनुवंशिक आजार किंवा घरात मॅलिग्नंट हायपरथर्मियाचा (भुलीच्या काही औषधांनी ताप जीवघेणा चढण्याचा) इतिहास असला तरी नकोच.

रोक्युरोनियम १.२ मिलिग्रॅम प्रतिकिलो, लठ्ठ पेशंटमध्ये आदर्श वजनावर. इथे एक चूक हमखास होते. व्हायल ५ मिलीची, त्यात ५० मिलिग्रॅम. साठ किलोच्या पेशंटला ७२ मिलिग्रॅम, म्हणजे ७.२ मिली लागतात. एकच व्हायल भरली जाते आणि डोस ०.८ वर येतो. मग मिनिटानंतर घसा बघायला लॅरिंगोस्कोपचं ब्लेड घालावं तर जबडा अजून घट्ट, स्वरयंत्र हलतंय, पेशंट खोकतोय. दोन व्हायल फोडा आणि घड्याळात ६० सेकंद मोजा.

रोक्युरोनियमचा असर उलटवणाऱ्या सुगमाडेक्सच्या भरवशावर मात्र राहू नका. लगेच उलटवायला १६ मिलिग्रॅम प्रतिकिलो लागतं, म्हणजे याच पेशंटला ९६० मिलिग्रॅम, २०० च्या पाच व्हायल. त्या भरेपर्यंत ऑक्सिजन खाली येतो, आणि घसा सुजून बंद असेल तर शिथिलक उतरूनही वाट मोकळी होत नाही. म्हणून ऑक्सिजन आधी किमान ३ मिनिटं घट्ट मास्कने, डोकं उंच ठेवून द्या, आणि पुढचा पर्याय बोलून ठरवा.

कॅप्नोग्राफवर, म्हणजे उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्रावर, लाट दिसली की नळी जागेवर. पण एटोमिडेटची झोप पाच-दहा मिनिटांत उतरते आणि रोक्युरोनियमचा असर तासभर राहतो. मधल्या काळात पेशंट जागा असूनही पापणी हलवू शकत नाही. नाडी आणि बीपी चढतात, डोळ्यांत पाणी येतं, एवढीच खूण. नळीला टेप लावायच्या आधीच सिडेशनची (झोप टिकवणाऱ्या औषधाची) सिरिंज पंपावर चढलेली हवी.