मराठवाड्याच्या उन्हात त्वचेची काळजी कशी घ्यावी: आधी ट्यूब तपासा, गोळ्या सगळ्यात शेवटी

चेहऱ्याला काय लावायचं, यापेक्षा काय लावणं बंद करायचं हे आधी ठरवावं. आपल्याकडे तालुक्याच्या गावात ‘गोरं होण्याची’, ‘वांगावरची’, ‘नायट्याची’ म्हणून मेडिकलवरून जी ट्यूब आणली जाते, तिच्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून तीच ट्यूब मग जावेकडे, बहिणीकडे जाते. काही महिन्यांनी कातडी पातळ पडते, उन्हात आग होते, गालावर लाल शिरा आणि बारीक पुरळ दिसू लागतं, लव वाढते. नायट्यावर लावली तर खाज थांबते आणि नायटा मात्र पसरत राहतो. हे मी एवढं आधी सांगते, कारण ही ट्यूब चालू असेपर्यंत पुढचं काहीही कामाला येणार नाही.

पहिली पायरी: ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा

बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यातलं एक जरी नाव दिसलं तरी ते स्टेरॉइड आहे. २०१८ साली केंद्र सरकारनं स्टेरॉइडची १४ मलमं ‘शेड्यूल एच’मध्ये टाकली, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचीच नाहीत. चेहऱ्यावर बरेच महिने लावत असाल तर एका रात्रीत बंद करू नका, चेहरा एकदम भडकतो. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून ती कमी करत जा. ज्या क्रीमवर घटक, कंपनी किंवा बॅच नंबर छापलेलाच नाही, ती घरात ठेवू नका. उजळवणाऱ्या अशा काही क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो मूत्रपिंडांचं नुकसान करतो.

लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट यांनाही चेहऱ्यावर जागा नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर चट्टे उठतात, काळे डाग पडतात.

दुसरी पायरी: धुणं

बोअरच्या पाण्यानं बादलीला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. साबणाशी मिळून त्यांची साय होते, ती कातडीवर बसते आणि चेहरा ताणल्यासारखा वाटतो. त्यात आपली त्वचा थोडी आम्लधर्मी असते, तर अंगाचा साबण अल्कधर्मी. म्हणून चेहऱ्यापुरता तरी साबण सोडा आणि साबणविरहित, सौम्य फेसवॉश घ्या. सकाळी नुसतं पाणीही चालतं, संध्याकाळी घरी आल्यावर फेसवॉश. शेवटचं खळबळणं शक्य असेल तर नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यानं करा. तांब्याभर पाणी पुरतं, आणि २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना तांब्याभर पाण्याची किंमत वेगळी सांगायला नको. दगडानं, काथ्यानं घासू नका. सावळ्या कातडीवर घासण्यानंच काळपटपणा वाढतो.

तिसरी पायरी: ओलसर अंगावर मॉइश्चरायझर

चेहरा टिपून घेतल्यावर दोन-तीन मिनिटांच्या आत लावा, पाणी आत धरून ठेवणं एवढंच त्याचं काम. ग्लिसरीन किंवा सेरामाइड असलेलं साधं, बिनवासाचं क्रीम पुरेसं आहे. मुरूम येणाऱ्यांनी जेलसारखं हलकं घ्यावं आणि चेहऱ्याला खोबरेल तेल लावणं टाळावं. हातापायांना मात्र तेच खोबरेल उत्तम. टाचांच्या भेगांना रात्री पेट्रोलियम जेली लावून मोजे घातले की पुष्कळ फरक पडतो.

चौथी पायरी: ऊन अडवा

एकाच वस्तूवर पैसे खर्च करायचे असतील तर सनस्क्रीनवर करा. वांग, डाग, सुरकुत्या, मुरमांच्या काळ्या खुणा, सगळ्यांना ऊन खतपाणी घालतं. एप्रिल-मे महिन्यांत नांदेड-परभणीचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तरी ऊन त्याच दोन महिन्यांचं नसतं. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचतानाही तेच ऊन मानेवर आणि हातांवर पडत असतं.

एसपीएफ (उन्हानं कातडी भाजण्यापासून संरक्षणाचा आकडा) ३० किंवा ५० आणि त्यासोबत पीए+++ (कातडी काळवंडवणाऱ्या किरणांपासून संरक्षणाची खूण) असं लिहिलेलं घ्या. एसपीएफ ३० जळजळ करणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवतं आणि ५० सुमारे ९८ टक्के, त्यामुळे मोठ्या आकड्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका. खरी गडबड मापात होते. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन्ही बोटांवर पूर्ण रेघ ओढा, तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. ५० ग्रॅमची ट्यूब दीड-दोन महिन्यांत संपायला हवी. चार महिने पुरत असेल तर तुम्ही कमी लावताय. बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत लावा. वांग असलेल्यांनी आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन घ्यावं, कारण नुसता प्रकाशही वांग गडद करतो.

शेतात दिवसभर दर दोन तासांनी कोण लावणार, हा प्रश्न खरा आहे. तिथं पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाभोवती घट्ट विणीचा सुती रुमाल आणि रुंद काठाची टोपी हेच पहिलं संरक्षण. सकाळी निघताना एकदा सनस्क्रीन लावलंत तरी ते वाया जात नाही.

पाचवी पायरी: रात्री एकच औषध

मुरमांसाठी २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड, नाहीतर ०.१ टक्का अडापालिन, वाटाण्याएवढं, सुरुवातीला एक दिवसाआड. बेंझॉइल पेरॉक्साइडनं उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढरे पडतात, तेव्हा जुनेच वापरा. डागांसाठी अझेलाइक ॲसिड किंवा नायसिनामाइड. दिवस गेलेले असतील किंवा त्या तयारीत असाल तर अडापालिन आणि त्याच गटातलं, अ जीवनसत्त्वाचं रेटिनॉल अजिबात नको. कोणतीही नवी वस्तू आधी कानामागे दोन-तीन रात्री लावून बघा आणि दोन नव्या वस्तूंमध्ये दोन आठवडे जाऊ द्या. मुरमांवरचा परिणाम कळायला ८ ते १२ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत ट्यूब बदलत राहिलात तर कशाचाच गुण येत नाही.

सहावी पायरी: ताट

इथं मराठवाड्याचं स्वयंपाकघर खरंच श्रीमंत आहे आणि मुलींनी ते सोडून पाकिटातल्या बिया मागवाव्यात याचं मला वाईट वाटतं. जवसात ओमेगा-३ गटातलं स्निग्ध असतं, पण जवस अख्खे खाल्ले तर पुष्कळसे तसेच बाहेर पडतात. भाजून कुटलेली चटणी हाच त्यांचा बरोबर उपयोग, रोज एक-दोन चमचे. करडईचं तेल लिनोलेइक आम्लाचं, तेच आम्ल त्वचेच्या बाहेरच्या थराला लागतं. कोलॅजन बनवायला शरीराला क जीवनसत्त्व लागतं, ते आवळा, पेरू आणि जालन्याच्या मोसंबीतून मिळतं. मोसंबी सोलून खा, साखर घातलेला रस नको.

लोहाकडे बायांनी नीट लक्ष द्यावं. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, असं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचं २०२० चं मार्गदर्शन आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांवरच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेसोबत आणलेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीत लोह आणि जस्त नेहमीच्या ज्वारीपेक्षा जास्त आहे. बियाणं मिळालं तर घरच्या खाण्यापुरती तरी पेरा. हुलगे, मटकी, तांदूळजा यांच्यावर लिंबू पिळा. जेवणाला लागून चहा घेऊ नका, चहा लोह शोषू देत नाही, तासभर जाऊ द्या.

मुरूम असतील तर दिवसभराचा गोड चहा, बिस्किटं, मैदा कमी करून पाहा. जिममध्ये जाणाऱ्या पोरांच्या पाठीवर मुरूम आले तर व्हे प्रोटीन (दुधापासून बनणारी प्रथिनांची पावडर) महिना-दोन महिने थांबवून बघावं. पाच लिटर पाणी प्यायल्यानं मुरूम जात नाहीत. पाणी तहानेप्रमाणे प्या, उन्हात काम असेल तर जास्त.

सातवी पायरी: गोळ्या, त्याही रक्त तपासून

थकवा, फिकेपणा, केस गळणं असेल तर हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासा. माळकरी आणि इतर शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे, बोटांच्या सांध्यांवर काळपटपणा येणं हे त्याचं एक लक्षण असू शकतं. तो क्रीमनं जात नाही, बी-१२ भरून काढल्यावर जातो. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, ठरावीक आठवडेच घ्यायची असते. कुणी सांगितलं म्हणून रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडं बिघडतात. केसांसाठी घेतलं जाणारं बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असेल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा, थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. कोलॅजनची पावडर जनावरांपासून किंवा माशांपासून बनते, शाकाहारी असाल तर डबा वाचा. ती परवडत नसेल तर काही बिघडत नाही. गोरं होण्यासाठी ग्लुटाथिओनचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

डॉक्टरकडे कधी जायचं

मानेवर, काखेत मखमली काळे पट्टे आले तर ते मळाचे नसतात. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असू शकते, साखर तपासा. शेतात जाणाऱ्या माणसाच्या पापण्या, मान, कोपराचे सांधे खाजून जाड होत असतील तर गाजर गवताची ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी. खोल, दुखरे, खड्डे पाडणारे मुरूम असतील तर घरी महिने घालवू नका, व्रण कायमचे राहतात. संभाजीनगरचं घाटी हे शासकीय रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, नांदेड-लातूरची शासकीय महाविद्यालयं, सगळीकडे त्वचेची बाह्यरुग्ण तपासणी थोड्या पैशांत होते. पाटीवर ‘त्वचा व गुप्तरोग’ असं लिहिलेलं असतं म्हणून मुली दारातून परत फिरतात. फिरू नका, मुरूम आणि वांग तिथंच दाखवायचे असतात. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. काय लावलं होतं हे डॉक्टरांना कळलं की निम्मं निदान तिथंच होतं.