रंग प्रिंटचा चुकलाय की दिव्याचा? या चुका टाळा

लग्नाच्या अल्बमचा टेस्ट प्रिंट हातात येतो. शालूचा हिरवा ठीक दिसतो, पण चेहरे अगदी निस्तेज. लगेच फाइल उघडून लाल वाढवला जातो. नवा प्रिंट सकाळी खिडकीपाशी नेला, तर सगळं वऱ्हाड उन्हात भाजून आल्यासारखं! अशा वेळी फाइलला हात लावण्याआधी दिवा तपासा. कागद आणि शाई त्याहून महाग पडते.

नुसते केल्विन बघून बल्ब घेणे

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. घरात आणि स्टुडिओत सर्रास असतो तो ६५०० केल्विनचा ‘कूल डेलाइट’, म्हणजे गरजेपेक्षा निळसर. प्रिंट तपासण्यासाठीच्या आयएसओ ३६६४ या मानकात डी५०, म्हणजे साधारण ५००० केल्विनचा प्रकाश धरला आहे. पण खोक्यावर ५००० लिहिलंय म्हणून काम झालं असं नाही. केल्विन फक्त पांढरा किती पिवळसर किंवा निळसर आहे तेवढं सांगतो. त्या पांढऱ्यात कुठले रंग किती आहेत, ते सांगत नाही.

साध्या एलईडीत निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर (चमकणाऱ्या पावडरचा थर) असतो, त्यामुळे गडद लाल कमी पडतो. कुंकू तपकिरीकडे झुकतं, त्वचा राखाडी दिसते. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, पाहिला तरी पूर्ण खात्री नाही, कारण तो आठ फिकट नमुन्यांची सरासरी असतो आणि गडद लाल हा नववा नमुना त्यात धरलेलाच नाही. ८० सीआरआयच्या बल्बचा आर९, म्हणजे या नवव्या नमुन्याचा आकडा, शून्याच्या आसपासही असू शकतो. मानकाला सीआरआय किमान ९० लागतो. मी म्हणेन ९५ च्या पुढचाच घ्या, आणि कंपनी आर९ चा आकडा देत नसेल तर तो बल्ब दुकानातच राहू द्या.

खिडकीवर आंधळा विश्वास

दिवसाचा उजेड उत्तम, पण तो दर तासाला बदलतो. शिवाय समोरच्या इमारतीचा गुलाबी रंग उजेडाबरोबर आत येतो. रंगीत भिंती आणि तुमचा भडक टी-शर्टही हेच करतात. प्रिंटच्या मागे-आजूबाजूला मॅट करडा कागद लावा.

उजेड कमी-जास्त असणे

मंद उजेडात प्रिंट काळवंडलेला वाटतो आणि आपण फाइल उगाच उजळतो. मानकात बारीक तुलनेसाठी २००० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आणि नेहमीच्या पाहणीसाठी ५०० लक्स सांगितले आहेत. लक्समीटर नसेल तर प्रिंटच्या जागी १८ टक्के ग्रे कार्ड (फोटोग्राफीत वापरतात तो ठरावीक करडा पुठ्ठा) ठेवून त्याने कॅमेऱ्याची फ्रेम भरा: कॅमेऱ्याचा आयएसओ १००, एफ/४. कॅमेऱ्याचं मीटर १/१३ सेकंद सांगत असेल तर साधारण ५०० लक्स, १/५० असेल तर २००० च्या जवळपास. प्रिंट सगळीकडेच काळे येत असतील, तर मॉनिटरचा ब्राइटनेस जास्त आहे का तेही बघा.

ग्लॉसी प्रिंटवर चकाकी येते, म्हणून दिवा साधारण ४५ अंशातून टाका.

दोष नेमका कुठला, हे न ओळखता दुरुस्ती करणे

टेस्ट प्रिंटच्या कडेला करड्या रंगाची पट्टी छापा आणि दोन वेगळ्या दिव्यांखाली बघा, प्रत्येक वेळी डोळ्यांना दोन-तीन मिनिटं सरावू देऊन. करडा एका उजेडात हिरवट आणि दुसऱ्यात गुलाबी झाला, तर तो शाईचा मेटामेरिझम. फाइलमधून तो जाणार नाही. रंगीत शायांनी छापलेल्या कृष्णधवल प्रिंटमध्ये हा फार जाणवतो. नुसता कोरा कागदच खिडकीपाशी निळसर आणि एलईडीखाली मळकट पांढरा वाटला, तर कागदातले ब्राइटनर, म्हणजे तो जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेली रसायनं, कारण आहेत. ते अतिनील किरणांवर चमकतात आणि साध्या एलईडीत ते किरण जवळपास नसतात. चांगल्या दिव्याखालीही करडा ठामपणे एकाच बाजूला झुकत असेल, तर मग प्रोफाइल (प्रिंटर-कागदाच्या रंगांची सेटिंग फाइल) किंवा फोटोची फाइल बघायची.

इंकजेटचा ताजा प्रिंट मात्र आधी वाळू द्या. ओल्या शाईवरून निकाल देऊ नका.

गिऱ्हाईक फोटो दिवाणखान्यात पिवळ्या दिव्याखाली लावणार असेल, तर तिथल्यासारखा बल्ब लावून एकदा बघाच. तिथे फक्त सावल्यांतला तपशील दिसतोय का ते पाहायचं. रंग डी५० खाली ठरले ते तसेच ठेवायचे.