गाडी आणि ड्रोनमधला पुरावा : जप्तीच्या वेळी या चुका टाळा

अपघातातली गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात आणली जाते आणि बाजूला घ्यायची म्हणून कुणीतरी चावी फिरवतं. पुराव्याला पहिला धक्का इथेच बसतो. एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये बहुतेक वेळा धडकेआधीच्या साधारण 5 सेकंदांचा वेग, ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर यांची नोंद असते. एअरबॅग उघडली असेल तर ती नोंद सहसा लॉक होते. उघडली नसेल तर पुढच्या वापरात ती पुसली जाऊ शकते. म्हणून जप्त गाडी सुरू करू नका, टो करा. आगीचा धोका नसेल तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय बॅटरीची वायरही काढू नका.

दुसरी चूक साधी वाटते, पण फार महागात पडते: त्याच गाडीत आपला फोन चार्जिंगला लावणं. इन्फोटेनमेंट सिस्टीममध्ये, म्हणजे गाडीतल्या स्क्रीन आणि म्युझिकच्या यंत्रणेत, आरोपीच्या फोनचं ब्लूटूथ नाव, कॉन्टॅक्ट, कॉलची यादी, कधीकधी प्रवासाचा मार्गही सापडतो. त्यात हवालदारांचा फोन जोडला गेला, की बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न त्यावरच विचारणार. डॅशकॅमचं कार्डही लगेच ताब्यात घ्या. कॅमेरा चालू राहिला तर जुन्या चित्रीकरणावर नवं चढतं.

ड्रोनच्या बाबतीत घाई जिवावर बेतू शकते. चालू ड्रोनचा रिमोटशी संपर्क तुटला, की अनेक मॉडेल आपोआप उड्डाणाच्या जागी परत निघतात. जमिनीवर पंखे थांबलेले असतील तर आधी फोटो काढा, दिवे आणि स्क्रीनची स्थिती पंचनाम्यात लिहा, मग बॅटरी काढा आणि त्यानंतर पंखे. ‘चालतो का बघू’ म्हणून पुन्हा सुरू केलात, तर नवी लॉग फाइल, म्हणजे ड्रोनने स्वतः ठेवलेली नोंद, तयार होते. आणि नुसता ड्रोन जप्त करून भागत नाही. रिमोट आणि ज्या फोनवर अ‍ॅप आहे तो फोनही हवा. उड्डाणाचा वाचता येण्याजोगा लॉग पुष्कळदा फोनमध्येच असतो. मेमरी कार्ड थेट लॅपटॉपला लावू नका, राइट ब्लॉकर (कार्डावर काहीही लिहिलं जाऊ न देता फक्त वाचू देणारं साधन) वापरा.

वेळेची गफलत तर प्रशिक्षणात मुद्दाम घडवून दाखवावी. जीपीएसच्या नोंदी बहुधा यूटीसीमध्ये, म्हणजे भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत असतात. 14 तारखेच्या पहाटे 2 वाजताचं उड्डाण तिथे 13 तारखेच्या रात्री 8:30 ला दिसतं. साडेपाच तास मिळवले नाहीत, तर दोषारोपपत्रात तारीखच चुकते.

इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत न्यायालयात द्यायच्या प्रमाणपत्राचं काम शेवटावर ढकलू नका. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये, मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचं स्पष्ट केलं. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या नमुन्यात हॅश व्हॅल्यूही (फाइलच्या मजकुरावरून काढलेली, तिच्या बोटाच्या ठशासारखी आकडे-अक्षरांची ओळख) द्यावी लागते. ही व्हॅल्यू प्रत काढतानाच नोंदवा.

वर्गात नुसत्या स्लाइड दाखवून हे अंगवळणी पडत नाही. सरावाचा ड्रोन ठरलेल्या मार्गाने उडवा, मार्ग लिफाफ्यात बंद ठेवा, प्रशिक्षणार्थींना लॉगवरून तो काढायला लावा आणि मग लिफाफा उघडून ताडून पाहा.