नागपूरहून मसाई माराला: आधी लस, मग ईटीए

पावसाळ्यात ताडोबा आणि पेंचचा गाभा बंद होतो. साधारण त्याच सुमारास टांझानियातून विल्डबीस्ट या मोठ्या कुरंगांचे कळप केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात उतरायला लागतात. त्यामुळे नागपूरकर जंगलप्रेमींची केनियाची तिकिटं बहुतेक जुलै ते ऑक्टोबरमधली असतात. विमान आणि लॉज ठरलं की लोक व्हिसाच्या मागे लागतात. खरं तर ईटीएचं, म्हणजे केनियाच्या ऑनलाइन प्रवेश-परवानगीचं काम काही दिवसांत होतं. वेळ लागतो तो पासपोर्टला आणि लसीला, म्हणून सुरुवात तिथून करा.

यलो फीवरची लस

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. भारतात यलो फीवर (पीतज्वर) नाही, त्यामुळे इथून थेट जाणाऱ्याकडे केनिया लसीचं प्रमाणपत्र, म्हणजे लसीचं कार्ड, मागेलच असं नाही. ते मागतो भारत, आणि तेही परतताना. केनिया या आजाराच्या देशांच्या यादीत आहे. हा आजार पसरवणारा एडीस डास आपल्या घरोघरी आहे. एक रुग्ण आत आला तर साथ पसरायला वेळ लागणार नाही, म्हणून ही कडक तपासणी. कार्ड नसेल किंवा त्यात त्रुटी असेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जातं. "तिकडे नैरोबीत कुणी विचारलंच नाही" हे वाक्य मुंबई विमानतळावर उपयोगाचं नाही. काही विमान कंपन्या निघतानाच कार्ड बघतात.

ही लस कुठल्याही दवाखान्यात घेऊन चालत नाही. सरकारने नेमलेल्या केंद्रातलीच ग्राह्य धरतात, आणि त्यांची यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळते. तिथे आधी नागपूर बघा. तारीख जुळत नसेल तर मुंबईच्या केंद्रातलं कार्डही तितकंच चालतं. लसीची कुपी अनेक डोसांची असते आणि उघडल्यावर काही तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रं ठरावीक वारीच लोकांना एकत्र बोलावतात. हंगामात नंबर लवकर लागत नाही, त्यामुळे निघण्याच्या किमान दीड-दोन महिने आधी अपॉइंटमेंट घ्या. मूळ पासपोर्ट सोबत न्या.

प्रमाणपत्र लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य आहे, त्यामुळे जुनं कार्ड असेल तर पुन्हा टोचून घेऊ नका.

कार्ड हातात आल्यावर खुर्चीवरून उठायच्या आधी ते वाचा. नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख बरोबर आहे का, लसीचा बॅच क्रमांक लिहिला आहे का, डॉक्टरांची सही आणि केंद्राचा अधिकृत शिक्का आहे का. शिक्का नसलेलं कार्ड कार्डच नाही. खाडाखोड दिसली तर तिथेच नवं मागून घ्या. लॅमिनेशन करू नका. नंतर पासपोर्ट नवा झाला, तर जुना पासपोर्टही कार्डासोबत ठेवा, कारण त्यावर जुना क्रमांक असतो.

ही जिवंत विषाणूची लस आहे. नऊ महिन्यांखालच्या बाळाला ती देत नाहीत. गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे, थायमस ग्रंथीचा आजार असणारे, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे यांनी आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. साठीच्या पुढच्यांना गंभीर दुष्परिणामाचा धोका थोडा जास्त असतो. आई-बाबांना नेणार असाल तर त्यांच्या फिजिशियनचं पत्र घेऊन जा. दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर ती त्याच दिवशी घ्या, नाहीतर मध्ये चार आठवड्यांचं अंतर ठेवा.

पासपोर्ट आणि नाव

केनियात पोचल्यावर पुढे किमान सहा महिने मुदत आणि एक कोरं पान हवं. मुदत कमी असेल तर संपायच्या वर्षभर आधीपासून रीइश्यूचा अर्ज करता येतो. प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळला २००० रुपये जादा. मुलांचे पासपोर्ट सहसा पाचच वर्षांचे असतात आणि हेच नेमकं लक्षात राहत नाही. घर बदललं असेल तर नवाच पत्ता द्या. पोलीस व्हेरिफिकेशनला माणूस त्या पत्त्यावर सापडला नाही, की फाईल अडते.

आपल्याकडे नावात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. ते पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात असेल, तर तिकीट, ईटीए आणि लसीचं कार्ड तिन्हीकडे तसंच्या तसं लिहा. माहेरच्या नावाचा पासपोर्ट आणि सासरच्या नावाचं तिकीट ही चूक तर काउंटरवरच अडवते.

ईटीए

जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ईटीए ही ऑनलाइन परवानगी सुरू केली. शुल्क माणशी ३० डॉलर. तान्ह्या बाळासकट प्रत्येकाचा वेगळा अर्ज लागतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरच करा. शोधल्यावर सगळ्यात वर जाहिराती येतात, आणि त्या एजंटांच्या साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेतात. सरकारी पत्त्याच्या शेवटी 'गो डॉट केई' असतं.

पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा स्कॅन, फोटो, जाण्या-येण्याचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग तयार ठेवा. अर्ज अडकतो तो सहसा दोन कारणांनी: पानाच्या खालच्या दोन ओळी कापल्या जातात किंवा फ्लॅशने चमकतात, नाहीतर लॉजच्या व्हाउचरवर घरातल्या एकाचंच नाव असतं. लॉजला ईमेल करून सगळी नावं टाकून घ्या. पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं, तर बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू आहेत का ते बघा.

नियमाप्रमाणे तीन दिवस आधीचा अर्ज चालतो, पण दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. ईटीए पासपोर्ट क्रमांकाला बांधलेला असतो, म्हणून पासपोर्ट बदलायचा असेल तर आधी तो. मंजुरीची छापील प्रत जवळ असू द्या.

सामान आणि औषधं

केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. चिवडा, संत्रा बर्फी डब्यात किंवा कापडी पिशवीत न्या. ताजी संत्री नेऊ नका. ड्रोन परवानगीशिवाय नेता येत नाही. रोजची औषधं मूळ पाकिटात, प्रिस्क्रिप्शनसह, हातातल्या बॅगेत ठेवा. सफारीला काळे-निळे कपडे टाळा, कारण त्सेत्से माशी त्या रंगांकडे येते.

प्रवास विम्यात एअर ॲम्ब्युलन्सचा खर्च धरला आहे का ते वाचून घ्या. मारातून नैरोबीच्या मोठ्या रुग्णालयात गंभीर रुग्णाला विमानानेच नेतात.

मसाई मारात मलेरिया आहे, आणि तिथल्या फॅल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीवर क्लोरोक्विन चालत नाही. मलेरिया टाळण्यासाठी ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेतलं तर जाण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर सात दिवसांपर्यंत रोज. डॉक्सिसायक्लिन असेल तर परतल्यावर चार आठवडे. कुठलं घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पण घरी आल्यावर मध्येच सोडू नका. परतल्यानंतर तीन महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य "केनियाला जाऊन आलो" हेच सांगा. पावसाळ्यानंतर नागपुरात तापाला आधी डेंग्यूच समजतात. मलेरियाची पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरला नाही, तर १२ ते २४ तासांनी रक्त पुन्हा तपासायला सांगा.