सोसायटीच्या बागेत शेड घालायची असेल तर

पत्रा कुठला घेऊ, हे मला सगळ्यात आधी विचारतात. मी उलट विचारतो, तुमच्याकडे झड कुठून येते? समोरचे सेक्रेटरी गोंधळतात, माळी मात्र लगेच हात करून दाखवतो. शेडची जागा ठरवताना माळ्याला बरोबर घ्या, म्हणजे अर्धं काम तिथेच होतं.

माझं भांडुपला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ग्रिल, गेट, लोखंडी जिने ही रोजची कामं. हल्ली मुलुंड, भांडुप, पवईकडच्या सोसायट्यांमधून बागेतल्या शेडची कामंही बरीच येतात. खताच्या गोणी, कोकोपीट, फावडी, पाइप, गवत कापायचं मशीन, असा पसारा जिन्याखाली मावेनासा झाला की कमिटीला शेड आठवते. शेड बाराही महिने उभी असते, पण ती बांधायची असते पावसाच्या चार महिन्यांसाठी. उन्हाळ्यात कुठलीही शेड टिकते.

मापाचं आधी बोलतो. आठ बाय सहा फूट बऱ्याच सोसायट्यांना पुरते. आत माणूस फावडं घेऊन वळला पाहिजे, एवढा हिशोब. दहा बाय बारा मागणाऱ्यांना मी दोनदा विचार करायला सांगतो, कारण मोकळी जागा दिसली की त्यात तुटक्या खुर्च्या, गणपतीच्या मंडपाचे बांबू आणि कोणाच्या तरी मुलाची जुनी सायकल येऊन पडते, आणि माळ्याचं खत पुन्हा जिन्याखाली जातं. नुसती खुरपी, झारी आणि दोन गोण्या ठेवायच्या असतील तर शेड घालूच नका. चार बाय दोनची, उतरत्या झाकणाची पेटी करून घ्या.

परवानगीबद्दल वर्कशॉपवाल्याला विचारू नका, मलाही नको. ‘नटबोल्टची आहे, काढता येते, म्हणजे काही लागत नाही’ असं बरेच जण छातीठोक सांगतात. त्यांच्या बोलण्यावर पैसे घालू नका. वॉर्ड ऑफिसचं इमारत आणि कारखाने खातं विनापरवाना बांधकामाला मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम ३५१ खाली नोटीस काढू शकतं, आणि अशा तक्रारी बहुतेक वेळा सोसायटीतूनच गेलेल्या असतात. पावसाळी शेडची परवानगी वेगळी. ती तात्पुरती, पावसापुरतीच असते. म्हणून आधी सर्वसाधारण सभेत ठराव, मग सोसायटीच्या आर्किटेक्टकडून मंजूर नकाशावर जागा दाखवून घेणं, मग वॉर्ड ऑफिस, आणि त्यानंतर माझ्यासारख्याला फोन. ठरावात माप आणि जागा दोन्ही लिहा. नुसतं ‘बागेत शेड’ लिहिलंत तर ज्यांना तिथे गाडी लावायची होती ते पुढच्या सभेत तुमचा जीव खातील.

आता जागा. आपल्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो. त्यामुळे दार पूर्वेला किंवा ईशान्येला. इमारतींच्या मधल्या बोळात वारा वळतो आणि भलत्याच बाजूने झड मारतो, म्हणूनच वर माळ्याचं नाव घेतलं. कोणत्या भिंतीवर शेवाळ धरतं तेही बघा. जी भिंत हिरवी होते, त्या बाजूला दार नको.

झाडाखाली सावली असते म्हणून तिथे शेड घालायचा मोह होतो. नारळाखाली तर मुळीच नको. नारळ सोडा, नुसती झावळी वरून पडली तरी पत्र्याला पोचा पडतो. गुलमोहराच्या फांद्या ठिसूळ, पहिल्या वादळी पावसात त्या आधी मोडतात. आणि शेडसाठी फांदी छाटू, असंही मनात आणू नका. झाडांचा १९७५ चा कायदा आहे, आणि सोसायटीच्या आवारातल्या झाडालाही पालिकेच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही. खड्डा खणताना मनगटाएवढं मूळ लागलं तर खड्डा सरकवा, मूळ तोडू नका.

ड्रेनेजचं चेंबर, जमिनीखालच्या टाकीचं झाकण, गॅसची लाइन, मीटर रूमकडे जाणारी केबल, यांच्यावर शेड येता कामा नये. अग्निशमनची गाडी ज्या वाटेने आत येते ती वाट सोडा. तळमजल्याच्या खिडकीजवळही नको, शेणखताचा वास जुलैत कसा असतो ते तिथे राहणाऱ्यालाच विचारा. कंपाउंडच्या भिंतीपासून दोन फूट तरी सोडा. मागे रंग मारायला, पाला काढायला माणूस शिरला पाहिजे. अर्धा फूट सोडलात तर ती फट उंदीर-घुशींच्या नावावर झाली म्हणून समजा.

पाणी कुठवर चढतं तेही विचारा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हाच्या पाण्याची खूण पुष्कळ जुन्या सोसायट्यांत वॉचमनच्या केबिनच्या भिंतीवर अजून दाखवतात. तेवढी उंची गाठायला जाऊ नका, शेडला शिडी लावावी लागेल. दरवर्षी तुंबणारं पाणी जिथवर येतं, त्याच्यावर नऊ इंच शेडची जमीन असली की झालं.

माल कुठला? लाकूड मला आवडतं, आमच्या गावच्या मांगराला अजून आजोबांनी घातलेला वासा आहे, पण इथे बागेच्या ओल्या मातीला लागून लाकडी शेड म्हणजे वाळवीला आमंत्रण. तयार प्लॅस्टिकच्या शेड दिसायला छान आणि गंजतही नाहीत. पण हलक्या असतात, खाली नीट जखडल्या नाहीत तर वाऱ्याच्या. जुने सिमेंटचे पत्रे कोणी फुकट दिले तरी घेऊ नका, त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि कापताना, फोडताना उडणारी धूळ फुप्फुसात जाते. माझी पसंती जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा आणि वर अर्धा मिलिमीटर जाडीचा कलर कोटेड पत्रा. भंगारातला स्वस्त अँगल हवा असेल तर रे रोडजवळच्या दारूखान्याच्या लोखंड बाजारात मिळतो, मात्र त्याचा गंज काढून रेड ऑक्साइड मारण्यातच वाचलेले पैसे जातात.

इथे एक गोष्ट आमच्या धंद्यातली सांगतो. कोटेशनमध्ये ‘४० बाय ४०, २ एमएम’ लिहितात आणि साइटवर १.६ एमएम जाडीचा पाइप येतो. डोळ्यांनी कळत नाही, रंग मारल्यावर तर नाहीच. वजन करा. दोन एमएमचा सहा मीटरचा नग १४ किलोच्या आसपास भरतो, १.६ चा साडेअकराच्या. काटा मागितलात की चांगला फॅब्रिकेटर रागावणार नाही.

लोकांना वाटतं पाया म्हणजे शेड खचू नये म्हणून. बागेतली शेड खचत नाही, उडते. मुंबईसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी जवळजवळ १५८ किलोमीटर. या वेगाला दर चौरस फुटावर अकरा किलोच्या आसपास जोर येतो. आठ बाय सहाच्या शेडचं छप्पर वळचणीसकट ५४ चौरस फूट धरा, अर्ध्या टनापेक्षा जास्त जोर झाला, आणि वारा दारातून आत शिरला की तो छत्री उलटावी तसा खालून वर लावतो. शेडचं स्वतःचं वजन दोन-सव्वादोनशे किलो. उरलेलं वजन जमिनीतून आणावं लागतं. म्हणून चारही कोपऱ्यांना दीड फूट लांब, रुंद आणि खोल असे काँक्रीटचे ठोकळे. एकेक ठोकळा सव्वादोनशे किलोच्या पुढे जातो. फूटभर खड्ड्यात भागवणाऱ्याचा ठोकळा अडुसष्ट किलोचाच होतो, हा फरक त्याला समजावून सांगा.

आखणी दोरी आणि गुण्याने, म्हणजे काटकोनाच्या पट्टीने, करा. गुण्यावर विश्वास नसेल तर दोन्ही कर्ण मोजा, सारखे भरले की चौकोन बरोबर. लेव्हल पाण्याच्या पारदर्शक नळीने काढा, चारही कोपऱ्यांना. ठोकळ्याचा माथा मातीच्या वर चार इंच राहू दे आणि त्याला बाहेरच्या बाजूला हलका उतार द्या. सात दिवस पाणी मारा, त्यानंतरच १२ एमएमच्या अँकर बोल्टने खांबाखालची बेस प्लेट बसवा. पाइप काँक्रीटमध्ये गाडून टाकणारे कारागीर आहेत. त्यांना नको म्हणा. काँक्रीट आणि हवा जिथे भेटतात नेमका तिथेच पाइप कुजतो, आणि उद्या शेड हलवायची वेळ आली तर कटर मारावा लागतो.

जमिनीला कोबा नको. बारीक खडी दाबून बसवा, तिच्यावर वेल्डमेश जाळी, जाळीवर पेव्हर ब्लॉक. जाळी घुशीसाठी. पेव्हरखालची माती ती आठवड्यात पोखरते, पण तारेपुढे तिचं चालत नाही. हीच जाळी शेडच्या कडेने जमिनीत फूटभर उभी गाडा.

सांगाडा उभा राहताना शेजारी खुर्ची टाकून बसा. जीआय पाइपला वेल्डिंग केलं की त्या जागचं जस्त जळतं. तिथे तारेचा ब्रश मारून झिंकचा रंग लावलाच पाहिजे, नुसता वरून राखाडी रंग नव्हे. पाइपची उघडी तोंडं बंद करा आणि प्रत्येक खांबाच्या तळाशी पेन्सिलीएवढं भोक ठेवा, आत शिरलेलं पाणी निघून जाईल. आणि कलर कोटेड पत्रा कोणी ग्राइंडरने कापायला लागला तर त्याचा हात धरा. ग्राइंडरच्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कण. ते रंगात रुतून बसतात, त्या दिवशी काही दिसत नाही, आणि पहिल्या पावसानंतर नव्या पत्र्यावर देवी आल्यासारखे तांबडे ठिपके उठतात. पत्र्याची कात्री किंवा पत्रा कुरतडत कापणारा निबलर वापरायचा, आणि भोकं पाडून झाली की चुरा ब्रशने झटकून टाकायचा.

छपराला दर फुटाला दोन इंच उतार. सहा फुटांत एक फूट, म्हणजे समोर साडेसात आणि मागे साडेसहा फूट उंची. पत्रे पूर्वेकडून घालत पश्चिमेकडे या, म्हणजे प्रत्येक नवा पत्रा आधीच्यावर चढतो आणि जोडाचं तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला राहतं. आडवा जोड दीड नळीचा, नळी म्हणजे पत्र्याचा उंचवटा. स्क्रू नळीच्या माथ्यावर, खोलगट भागात नाही, पाणी तिथूनच वाहतं. रबरी वॉशर किंचित दबला की ड्रिल थांबवा, पिळून बाहेर आला तर दोन उन्हाळ्यांत फाटेल. वळचण पश्चिमेला नऊ इंच तरी बाहेर काढा.

पागोळ्या पायाशी पडून माती उखडतात, तेव्हा मागच्या कडेला पन्हळ लावा. १०० मिलिमीटर पावसात एवढ्याशा छपरावरून पाचशे लिटर पाणी येतं, दोनशेचा ड्रम कधी भरला कळणार नाही. ड्रमला घट्ट झाकण आणि जाळी हवीच, नाहीतर डासांच्या अळ्या शोधणारे पालिकेचे कर्मचारी तुमच्याच दारात. छपरावर ताडपत्री टाकू नका, तिच्या चुण्यांतही पाणी साचतं.

शेड हवाबंद करणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं. जुलैत आतल्या गोणीवर बुरशी, कात्रीवर गंज. पूर्व आणि उत्तर भिंतीला वर, वळचणीखाली, सहा इंचाची पट्टी मोकळी सोडून अर्ध्या इंचाची जाळी मारा. दार बाहेर उघडणारं, खाली एक इंच फट आणि तिला ब्रश पट्टी. कडी-कोयंडा स्टेनलेसचा घ्या, नागदेवी स्ट्रीटला हवा तसा मिळेल. आत गोण्या लाकडी पॅलेटवर, भिंतीला न टेकता. औषधं वरच्या फळीवर, कुलपात. माळ्याचे गमबूट टांगून ठेवायला खुंटी द्या, कारण उंदीर फिरलेल्या ओल्या जमिनीतून लेप्टो होतो आणि अनवाणी वावरणारा तोच असतो.

काम कधी काढायचं? मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून. मेमध्ये आम्हा सगळ्यांकडे पावसाळी शेडची रांग लागलेली असते, तेव्हा काम उरकलं जातं, नीट होत नाही. गुढीपाडव्याला ऑर्डर द्या, एप्रिलअखेर शेड उभी करून घ्या.

पूर्ण झाली की बागेचा पाइप घेऊन पश्चिमेच्या बाजूने अर्धा तास पाणी मारा, खालून वर तिरकं, झडीसारखं. एक माणूस आत खडू घेऊन उभा राहू दे. थेंब दिसला की तिथे गोल करायचा. सगळे गोल मिटल्यावर फॅब्रिकेटरचे उरलेले पैसे द्या, पण दहा टक्के पहिल्या मोठ्या पावसापर्यंत हातात ठेवा. हे कोटेशनवर आधीच लिहून घ्या. मी तरी सही करतो.