रिकम्बंट ट्रायकवर प्यायचं पाणी कसं न्यावं: नागपूरच्या उन्हाळ्यासाठी

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा सकाळी आठलाच ऊन चटके द्यायला लागतं. रिकम्बंट ट्रायक म्हणजे मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची तीनचाकी सायकल. ती चालवणाऱ्याला वरून ऊन आणि खालून रस्त्याची धग, दोन्ही सोसावं लागतं. सीट जमिनीपासून फूटभर उंच, आणि भर दुपारी डांबर ६० अंशांच्याही पुढे तापतं. म्हणून पाण्याची सोय ट्रायक बाहेर काढण्याआधीच नीट करून ठेवायची.

साध्या सायकलसारखी दांड्याला बाटली लावून इथे भागत नाही. पुढचा दांडा पेडलपाशी जातो, तिथवर हात पोचत नाही. पाठ सीटला टेकलेली असते, त्यामुळे पाठीवर सॅकही घेता येत नाही. माझ्या मते ट्रायकवर पाण्याची मुख्य जागा एकच, सीटच्या मागे. तिथे हायड्रेशन ब्लॅडर, म्हणजे नळी जोडलेली पाण्याची मऊ पिशवी, टांगायची आणि तिची नळी खांद्यावरून तोंडाजवळ आणायची. बाटल्या हव्यातच, पण जोडीला.

एवढा आग्रह ब्रेकमुळे. पुढे दोन चाकं असलेल्या बऱ्याच ट्रायकना डावा ब्रेक डाव्या चाकाला आणि उजवा उजव्या चाकाला असतो. बाटलीसाठी एक हात सोडला आणि नेमकं तेव्हाच वर्धा रोडवर कुणी आडवं आलं, तर एकाच चाकाचा ब्रेक जोरात दाबला जातो आणि ट्रायक त्या बाजूला ओढली जाते. नळी असली की दोन्ही हात हँडलवर राहतात.

किती पाणी लागेल

उन्हात तासाला अर्धा ते एक लिटर धरा. नागपूरहून कामठी, कन्हान, मनसर करत रामटेक सुमारे ५० किलोमीटर आहे. ताशी १५ च्या वेगाने साडेतीन तास धरले तर अडीच ते तीन लिटर पाणी हवं. त्यावर अर्धा लिटर राखीव ठेवा. पंक्चर झालं तर उन्हात बसून राहावं लागतं, शिवाय हात-तोंड धुवायलाही पाणी लागतं. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा वाटेत भरून घेता येत असेल तर सगळं घरूनच लादू नका. उन्हाळ्यात ठिकठिकाणी पाणपोया असतात, पण आडवाटेवर त्यांच्या भरवशावर निघू नये.

ब्लॅडर बसवणं

ब्लॅडर सीटच्या मागच्या फ्रेमला वरच्या कडेने टांगा. नळी निघते ते तोंड सगळ्यात खाली आलं पाहिजे. सीट जास्त पहुडलेली असेल तर हे मुद्दाम तपासा, नाहीतर शेवटचा पाव लिटर कोपऱ्यात साचून राहतो आणि ओढूनही येत नाही. खालचं टोक मागच्या चाकाला किंवा चेनला लागत नाही ना, तेही वजन घालून, म्हणजे ब्लॅडर भरून, बघा. रिकामी असताना सगळंच छान बसतं.

पाण्याची पातळी तुमच्या तोंडापेक्षा वर असेल तर नळीच्या टोकाचा, दाबला की उघडणारा व्हॉल्व्ह जरा सैल राहिला तरी पाणी आपोआप गळत राहतं. अशा वेळी बंद करता येणारा व्हॉल्व्ह घ्या, किंवा ब्लॅडर थोडी खाली घ्या.

नळीचं मोकळं टोक लोंबकळत ठेवू नका, ते चाकात जाऊ शकतं. ऑफिसच्या ओळखपत्राला असते तशी ओढली की येणारी आणि सोडली की परत जाणारी रीळ कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते. ती सीटच्या वरच्या कडेला अडकवा आणि तिच्या दोरीला नळी बांधा. घोट घेऊन झाला की टोक आपलं आपण जागेवर जातं.

पाणी गार ठेवणं

आदल्या रात्री ब्लॅडर अर्धी भरून फ्रीजरमध्ये आडवी ठेवा. बर्फ होताना पाणी फुगतं, म्हणून पूर्ण भरायची नाही. सकाळी वरून गार पाणी ओता आणि ब्लॅडर जाड कापडी पिशवीत घाला.

तरी पहिला घोट कढत येतोच, कारण नळी उन्हात असते. एक मीटर नळीत जेमतेम दोन घोट मावतात. त्यावर उपाय सोपा आहे: पिऊन झाल्यावर व्हॉल्व्ह दाबून नळीत हलकी फुंकर मारा. नळीतलं पाणी मागे ब्लॅडरमध्ये जातं आणि पुढचा घोट गार मिळतो.

बाटलीला ओलं कापड गुंडाळणं हा आपल्याकडचा हुकमी उपाय. कोरड्या हवेत पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, घरातल्या डेझर्ट कूलरसारखं. म्हणून हे एप्रिल-मेमध्ये उत्तम चालतं आणि जुलैच्या दमट हवेत जवळजवळ निरुपयोगी ठरतं. सुती फडकं घ्या, दर अर्ध्या तासाने भिजवा. थर्मासची स्टीलची बाटलीही चांगली, पण पहुडलेल्या स्थितीत ती तोंडाला लावून पिता येत नाही. तिला स्ट्रॉचं झाकण हवं.

जोडीच्या बाटल्या

त्या सीटच्या दोन्ही बाजूंना, खाली, समान वजनाने लावा. ट्रायक वळताना दुचाकीसारखी कलत नाही, त्यामुळे उंचावर वजन असलं की जोरात वळताना आतलं चाक उचलतं. कॅरिअरच्या टोकाशी पाच लिटरचा कॅन बांधणं तर नकोच, पुढची चाकं हलकी होतात. सीटला छिद्रं पाडायची गरज नाही. पाइपला बसणारी क्लॅम्प कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देतो. बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, बाटली चाकाला किंवा हाताला लागता कामा नये. खड्ड्यात उडू नये म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी वरून ताणून लावा.

काय भरायचं, कसं प्यायचं

ब्लॅडरमध्ये फक्त साधं पाणी. साखर, लिंबू, पन्हं यांची जागा बाटलीत, कारण नळीत गोड राहिलं की बुरशी धरते. तासाभरापेक्षा जास्त चालवणार असाल तर एका बाटलीत ओआरएस असू द्या. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. घामातून मीठ जातं, नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. तहान लागायच्या आधीपासून दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या, सरळ रस्ता बघून.

चक्कर, मळमळ किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर लगेच सावलीत थांबा, डोक्यावर-मानेवर पाणी ओता. दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही, किंवा सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, तर १०८ ला फोन करा.

घरी आल्यावर ब्लॅडर कोमट पाणी आणि चमचाभर खाण्याच्या सोड्याने धुवा, नळीतूनही ते पाणी जाऊ द्या. मग आत एखादा चमचा उभा घालून, तोंड उघडं ठेवून उलटी टांगा, म्हणजे आतल्या बाजू एकमेकींना चिकटत नाहीत. नळीत काळे ठिपके दिसले तर घासत बसू नका, नळी बदला.