फीड कमी केला आणि चिप आणखी गुंडाळली

सीएनसी लेथवरचा (प्रोग्रामवर चालणारं, धातूचा बार फिरवून कापणारं मशीन) माझा दुसराच आठवडा. मध्यम कार्बन स्टीलचा ५० मिमी व्यासाचा बार, प्रोग्राम दुसऱ्याने लिहिलेला. माझं काम सायकल स्टार्ट दाबायचं आणि जॉब, म्हणजे कापून तयार झालेला तुकडा, मोजायचा, एवढंच. तिसऱ्या जॉबला चिप, म्हणजे कापताना निघणारी धातूची साल, तुटेना. रिबिनीसारखी लांबच लांब, जॉबभोवती आणि टूलभोवती गुंडाळत चालली. घाबरून मी फीडचा, म्हणजे टूल किती पुढे सरकतं त्याचा, नॉब ५० टक्क्यांवर आणला. गडबड दिसली की हळू जायचं, ही समजूत घरूनच घेऊन आले होते. चिप आणखी पातळ झाली, आणखी लांब झाली आणि नुकत्याच टर्न झालेल्या भागावर ओरखडे उठवून गेली.

मशीन लावून देणाऱ्या सेटरने मशीन थांबवलं आणि हुकने गुंता ओढून काढला. (हाताने कधीच नाही. ती चिप हातमोज्यासकट बोट कापते.)

"फीड किती होता?"

"०.१२. मी निम्मा केला."

"म्हणजे ०.०६. अगं, इन्सर्टवरचा चिप ब्रेकर चिपेला वाकवून मोडतो. कागद वाकवलास तर मोडतो का? पुठ्ठा मोडतो." (इन्सर्ट म्हणजे टूलच्या टोकाला बसवलेला, कापणारा, बदलता येणारा तुकडा.)

त्याने फीड ०.२५ केला. पुढच्या जॉबला चिपा स्वल्पविरामासारख्या तुटून ट्रेमध्ये पडायला लागल्या.

नवीन माणूस कटिंग कंडिशन म्हणजे आरपीएम समजतो. मीही समजत होते. खरे आकडे तीन: कटाची खोली मिलिमीटरमध्ये, फीड दर फेरीला मिलिमीटरमध्ये आणि कटिंग स्पीड मिनिटाला मीटरमध्ये. आरपीएम त्यातून निघतो: १००० गुणिले कटिंग स्पीड, भागिले ३.१४ गुणिले व्यास. २०० मीटरचा स्पीड ५० मिमीच्या बारवर सुमारे १२७० आरपीएम होतो आणि १० मिमीवर सुमारे ६३७०. म्हणूनच जी ९६ (कटिंग स्पीड कायम ठेवणारा कोड) लावलं की फेसिंग करताना, म्हणजे बारचं तोंड सपाट करताना, टूल मध्याकडे जाईल तसा बार फिरवणारा स्पिंडल किंचाळायला लागतो. जी ५० ने आरपीएमची वरची मर्यादा आधी बांधा, मगच जी ९६ लिहा.

आकडे ठरवायचा क्रम माझ्या मते निम्मं काम करून टाकतो: आधी खोली, मग फीड, शेवटी स्पीड. कारण टूलच्या आयुष्याशी जोडलेलं आहे. एफ. डब्ल्यू. टेलर या अमेरिकन अभियंत्याने अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर १९०७ साली जे सूत्र प्रसिद्ध केलं, त्यात कटिंग स्पीड आणि टूलचं आयुष्य घातांकाने बांधलेलं आहे. कार्बाइडच्या इन्सर्टसाठी तो घातांक साधारण ०.२५ धरतात. हिशोब करून बघा: स्पीड २० टक्के वाढवला की आयुष्य निम्म्याच्याही किंचित खाली येतं. फीड २० टक्के वाढवला तर आयुष्य घटतं, पण इतकं नाही. खोलीचा फटका त्याहूनही कमी. जॉबची वेळ वाचवायची तर स्वस्त जागा आधी वापरायची, महाग शेवटी.

खोली मोजताना एक खड्डा आहे, त्यात मी पडले आहे. प्रोग्राममध्ये एक्स हा आकडा व्यासाचा असतो: ५० वरून ४६ वर आलात तर कट २ मिमीचा. पण फॅनुक कंपनीच्या कंट्रोलवर जी ७१ (जास्तीचा माल टप्प्याटप्प्याने काढणारा कोड) च्या पहिल्या ओळीतला यू, म्हणजे कटाची खोली, त्रिज्येचा असतो. तिथे २ मिमीच्या कटासाठी मी यू ४ लिहिला आणि स्पिंडलच्या लोड मीटरचा काटा लाल पट्ट्यात गेला. तसं होणारच होतं. स्टीलचा विशिष्ट कर्तनरोध (दर चौरस मिमी कटाला लागणारं बल) अंदाजे २००० न्यूटन प्रति चौरस मिमी धरला, तर २०० मीटर, ०.२५ फीड आणि २ मिमी कटाला जेमतेम ३.३ किलोवॅट लागतात. ४ मिमीला दुप्पट. मशीनच्या पाटीवरचे किलोवॅट आधी वाचा, कॅटलॉगातलं पान नंतर.

फिनिशिंगला, म्हणजे शेवटच्या गुळगुळीत कटाला, खेळ बदलतो. तिथे फीड आणि इन्सर्टच्या टोकाची त्रिज्या राज्य करतात. सीएनएमजी १२०४०८ या इन्सर्टच्या नावातला शेवटचा ०८ म्हणजे ०.८ मिमी त्रिज्या. फीडचा वर्ग भागिले आठ पट त्रिज्या, ही सैद्धांतिक खडबडीची उंची. ०.२ फीडला ०.८ त्रिज्येवर ती ६ मायक्रॉनच्या थोडी वर येते, फीड ०.१ केला की एकदम चौथाई, दीड मायक्रॉनच्या आसपास. वर्ग आहे ना, म्हणून. मग मोठ्या त्रिज्येचा इन्सर्टच का नको? कारण त्रिज्या मोठी तितका जॉबला बाजूने दाब जास्त. बारीक, लांब शाफ्ट त्या दाबाने वाकतो, मध्ये जाड राहतो आणि थरथरीच्या लाटा उमटतात.

फिनिशिंगला अगदी नाममात्र, ०.०५ मिमी, माल ठेवायचा मोहही टाळा. तितक्यात इन्सर्ट कापत नाही, घासतो. स्टेनलेसवर तर हे हमखास महागात पडतं: आधीच्या कटाने वरचा थर कडक झालेला असतो आणि तुम्ही नेमकी धार त्याच थरात चालवता.

आणि फिनिशिंग खराब आलं की स्पीड कमी करणं, ही माझी दुसरी आवडती चूक. कमी स्पीडला स्टील धारेवर चिकटतं, त्याचा गोळा वाढतो, तुटतो आणि तुटताना पृष्ठभाग ओरबाडतो. पृष्ठभाग फाटल्यासारखा दिसला तर स्पीड थोडा वाढवून बघा.

कॅटलॉगातला आकडा सुरुवातीचा असतो. पुढचं इन्सर्टच सांगतो, म्हणून बदललेला इन्सर्ट फेकण्याआधी भिंगाखाली धरायची सवय लावा. बाजूची झीज एकसारखी असेल तर सगळं ठीक, फक्त लवकर होत असेल तर स्पीड उतरवा. वरच्या बाजूला खड्डा पडला असेल तर उष्णता जास्त, तिथेही स्पीडच. धार तुकड्यातुकड्याने उडाली असेल तर स्पीडला दोष देऊ नका, फीड, पकड किंवा टूलची बाहेर निघालेली लांबी बघा.

माझ्या वहीत अजूनही त्या बारचं पान आहे. स्पीड २२० ठेवला तेव्हा एका धारेवर ३१ जॉब निघाले, १९० ला ५४. जॉबमागे वेळ काही सेकंदांनीच वाढली आणि धार बदलून पुन्हा ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) घ्यायचं काम जवळपास निम्म्यावर आलं. १९० वरच थांबले. चौपन्नाव्या जॉबला माप सरकायला लागायचं, म्हणून पन्नासाव्यालाच धार फिरवायची, असं मशीनवर खडूने लिहून ठेवलं.